उसनं नाव

उसनं देण्याघेण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरला नसता. एका घरची शिडी वर्षभर दहा घरांच्या कवेलूंच्या छपरांना टेकायची. लग्नाच्या स्वयंपाकाची मोठी गंजं मुळात कोणाच्या मालकीची, हे कोणालाच धड सांगता यायचं नाही. पोरगी पाहायला पाहुणे आले की ती शेजारणीच्या नव्या साडीत बसायची, आणि पाहुणे वळणाआड गेले की साडी घडी होऊन परत जायची. रोवणीच्या दिवसांत तर माणसंच उसनी. आज तुमच्या धानाच्या बांधीत आम्ही, उद्या आमच्या एवढ्याशा बांधीत तुम्ही. वस्तू घरात पडून आहे, शेजारी अडला आहे आणि तरी ती दिली नाही, तर ते पाप, हे आम्हाला शाळेआधीच शिकवलेलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते वाचून शहरातला माणूस म्हणेल की ही शुद्ध लबाडी. लबाडी होतीच. आम्हाला तेव्हा ती लबाडी वाटली नाही, एवढंच.

बाबा कुरखेड्याच्या वाटेवरच्या राईस मिलमध्ये हमाल होते. मिलचा पट्टा सकाळी फटफट करत फिरायला लागला की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या बारीक थरथरायच्या, आणि संध्याकाळी तो थांबला की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. बाबा घरी यायचे ते भुवयांपर्यंत कोंड्याने पांढरे होऊन. माय त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. अंगणातल्या दगडावर बसवून पाठीवर कोमट पाणी ओतायची, आणि पोत्याने सोललेल्या जागी मोहाचं तेल लावायची. मग मिलमधल्या कणीचा भात, लाखोरीचं वरण, आणि हाटाचा दिवस असला तर वांग्यात सुके झिंगे. झिंग्याचा वास कुंपणापलीकडे गेला की शेजारची जानामावशी वाटी घेऊन यायची, आणि येताना रिकाम्या हाताने यायची नाही. अंबाडीची जुडी किंवा मोहफुलं असायचीच. मायच्या आणि तिच्या घरात एकच खलबत्ता होता. तो कोणाचा, हे मला आजही माहीत नाही.

बाबांचं एक बोलणं गावभर ठाऊक होतं. "आपन पाठीवर घेतो, हातावर नाई घेत," ते म्हणायचे. कोणी काही फुकट देऊ केलं की हे वाक्य ठरलेलं. दारिद्र्यरेषेची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, तेव्हा ज्यांची नावं नव्हती ते ग्रामसेवकाशी भांडत होते, आणि आमचे बाबा एकटेच नाव आहे म्हणून भांडत होते. ग्रामसेवक हसला आणि म्हणाला की भाऊ, आलेली लक्ष्मी कोणी परत पाठवतं का. शेवटी पिवळं कार्ड घरात आलंच. बाबांनी ते उलटसुलट पाहिलं आणि पत्र्याच्या पेटीत सणाच्या कपड्यांखाली ठेवून दिलं. त्यावर ना कधी धान्य आणलं, ना ते दवाखान्यात दाखवलं. पारावर विषय निघाला की ते मान ताठ करून सांगायचे की माझं कार्ड आलं तसं कोरं आहे. जानामावशीचं नाव मात्र त्या यादीत नव्हतं. पाहणी झाली तेव्हा ती आणि तिचा नवरा मंगरूकाका तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. घराला कुलूप होतं, म्हणजे घर गरीब नाही, असा तो हिशेब. पुढच्या यादीत त्यांचं नाव लागलं, पण त्याला तीनेक वर्षं गेली.

मला बाबांचा अभिमान वाटायचा, हेही कबूल करते. बारावीला होते, डोकं गरम होतं, आणि आपण कोणाचं घेत नाही या वाक्याने मलाही दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटायचं. त्या उंचीची किंमत माय मोजत होती, हे मला दिसलं नाही. एका घरात, एका चटईवर झोपून दिसलं नाही, याची आज लाज वाटते. ती धुणं एकटी नाल्यावर नेऊ लागली होती. जेवताना भिंतीला टेकून बसू लागली होती. विचारलं तर म्हणायची की वय झालं. तिचं वय तेव्हा चाळीसही नव्हतं.

रोवणीच्या दिवसांत एका दुपारी आम्ही बाया ओळीने वाकून धान लावत होतो. माय माझ्या उजवीकडे होती. तिच्या हातातली रोपांची जुडी पाण्यात पडली, मी ती द्यायला वळले, आणि पाहिलं तर तिच्या पोटऱ्यांभोवतीचं पाणी लाल. बांधीतलं पाणी गढूळच असतं, पण हे लाल होतं, आणि तो लाल रंग माझ्या पायाकडे सरकत होता. माय सरळ उभी होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती, जणू काहीतरी चोरताना मी तिला पकडलं. मग ती गुडघ्यांवर बसली. मी ओरडलेसुद्धा नाही. जानामावशीने ओळ तोडून येऊन तिला धरलं आणि बांधावर ओढून घेतलं. मी हातात जुडी घेऊन तशीच उभी राहिले होते, असं नंतर सगळ्यांनी मला सांगितलं.

बाबांनी तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडून सुया टोचून आणल्या, ताकदीची बाटली आणली, एका वैदूची मुळी उगाळून दिली. रक्त थांबेना. उपकेंद्राच्या नर्सबाई घरी येऊन पोट दाबून गेल्या आणि म्हणाल्या की गर्भाच्या पिशवीत गाठ आहे, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, पिवळं कार्ड न्या, एक पैसा लागणार नाही. पैसा लागणार नाही हे ऐकूनच बाबांचं तोंड उतरलं. दोन दिवस त्यांनी टाळलं. ज्याला हातपाय नाहीत त्याच्या वाट्याचं ते आहे, आपण कसं खायचं, असं ते मला समजावत राहिले. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढून उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, माय मरून राह्यली," मी म्हटलं. "तुमाले दिसत नाई का?"

त्यांनी स्वतः पेटी उघडली. कार्डाला मधोमध घडी पडलेली होती आणि कडा मऊ झाल्या होत्या. बाबांनी ती घडी अंगठ्याने सरळ केली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मायला तपासलं, सोनोग्राफी झाली, नर्सबाईंचं खरं निघालं. पिशवी काढावी लागेल, लवकर काढावी लागेल. भरती करायच्या आधी कार्डाची नोंद करायला आम्हाला एका खिडकीवर पाठवलं. आतला बाबू सज्जन दिसत होता, चष्मा कपाळावर ढकललेला. त्याने कार्डावरचा नंबर वाचला, जाडजूड रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली नेलं, थांबला, कागद पाहिला, मायकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टर पाहिलं.

"सुमित्राबाई तुम्हीच ना?" त्याने विचारलं. "तुमची पिशवी तर दोन वर्षांपूर्वी इथेच काढलेली आहे. एका बाईला पिशव्या असतात तरी किती?"

रांगेतली दोन माणसं हसली. बाबांचं डोकं फिरलं. बायकोची टिंगल चालली आहे असं वाटून त्यांनी खिडकीच्या गजाला हात घातला. त्यांचं कार्ड कोरं होतं. गावभर सांगितलेलं होतं. मग त्यांनी मायकडे पाहिलं, मीही पाहिलं. मायने पदर तोंडात धरला होता. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. त्या सगळ्या रांगेत आश्चर्य न वाटलेली ती एकटीच होती.

तिथेच तिला भोवळ आली. मी तिला बाकावर आडवं करून पाणी शोधायला धावले. परत आले तेव्हा बाबू खिडकीतून डोकं बाहेर काढून बाबांना हळू आवाजात काही समजावत होता आणि बाबा जमिनीकडे पाहत होते. मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. बाबा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "चला." मला वाटलं पोलिसाचं नाव निघालं असणार. मी कागद गोळा केले आणि आम्ही तिघं, त्यातली एक जेमतेम चालणारी, एसटीकडे निघालो.

बसमध्ये मायने सांगितलं. बाबांना नव्हे, खिडकीला सांगितलं. जानामावशीचं अंग बाहेर येत होतं, चालता येत नव्हतं, आणि तिच्याकडे कार्ड नव्हतं. आपलं कार्ड पेटीत पडून होतं. "शिडी देतो, गंज देतो, तं कार्ड काऊन नाई देऊ? तुमी तं ते कवाच लावनार नवते," ती म्हणाली. मावशी सुमित्रा होऊन गेली, ऑपरेशन करून आली, आणि मायने कार्ड पुसून कपड्यांखाली होतं तसं ठेवलं. एकदा वापरल्याने कार्ड संपतं, किंवा सरकार कोणाच्या पोटातली पिशवी वहीत लिहून ठेवतं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. शिडी परत आली की शिडीच असते. बाबांचा चेहरा मिलमधून आल्यासारखा पांढरा होता, आणि त्या दिवशी ते मिलला गेलेच नव्हते.

आता माझी चाळिशी उलटली. माझ्या बीपीच्या गोळ्या उपकेंद्रातून येतात, फुकट, आणि मी त्या घेते. रांगेत उभी राहते, नाव सांगते, माझं स्वतःचं, आणि घेते. नवं हेल्थ कार्ड काढायला लाजणारी माणसं अजून भेटतात. कंत्राटावर खाणीत जाणारी, दुसऱ्याच्या शेतात राबणारी, ताठ माणसं. त्यांना मी लाज सोडा असं सांगत नाही. लाज सोडून सुटत नाही, हे मी घरातच पाहिलं आहे. फक्त एवढं सांगते की लाज तुमची आणि दुखणं बायकोचं, असा सौदा करू नका. काही ऐकतात. काही माझ्याशी बोलणं टाकतात.

दवाखान्यातून परतलो त्या संध्याकाळी जानामावशी आमच्या अंगणात आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. ती रडली नाही. मायच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बाई, आता माह्या कार्डावर तू जा. नाव लागलं माहं. वैनगंगेपलीकडं दुसरा दवाखाना हाये, तिथी आपल्याले कोन ओळखते?" तुम्हाला वाटेल की कोणीतरी तिला गप्प केलं असेल. कोणी केलं नाही. मला तर ती कल्पना अगदी न्यायाची वाटली. उसनं घेतलेलं तसंच परत मिळत होतं. बाबा मान हलवून हो म्हणाले, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं मी पाहिलं. मी समजले की जानामावशीला अडकवायचं नाही म्हणून ते त्या बाबूकडे परत जायला तयार नव्हते. मला ते फार मोठे वाटले.

दोन दिवस मीच मायला पाठ करून घेतलं. नाव? जानाबाई. गाव? तेच. नवऱ्याचं नाव? इथे ती लाजायची. दुसरीचा नवरा आपला म्हणून सांगायला तिची जीभ रेटेना. आम्ही दोघी हसलोसुद्धा, आणि हसताना ती पोट धरून कळवळली.

नदीपलीकडच्या त्या दवाखान्यात सगळं सुरळीत झालं. मंगरूकाकाने नवरा म्हणून अंगठा दिला. बाबा कागदावर तिचे भाऊ झाले. मी शेजाऱ्याची पोरगी. रक्त हवं होतं, माझं जुळलं, आणि फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी माझ्या हाताने 'शेजारी' असं लिहिलं. ते लिहिताना पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण आता मागे कसं फिरायचं? ताकाला जाऊन भांडं लपवणारे आम्ही. मायला आत नेलं, आणि जाताना ती मान वळवून माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला माय म्हणून हाक मारू शकत नव्हते.

दुपार कलल्यावर तिला बाहेर आणलं. ऑपरेशन नीट झालं होतं. सिस्टरने तिच्या गालावर थोपटलं आणि म्हणाली, "जानाबाई, डोळे उघडा. जानाबाई."

"ओ," दाराशी उभी असलेली खरी जानामावशी म्हणाली. तिच्या तोंडून ते आपोआप गेलं. सिस्टरने रागाने मागे पाहिलं, तुम्ही नाही म्हणून दटावलं, आणि पुन्हा हाका सुरू केल्या. माय हलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दुसरी सिस्टर आली, तिने छाती चोळली, जोरात हाक मारली, जानाबाई, जानाबाई. मग धावपळ सुरू झाली. डॉक्टरीणबाई हातमोजे ओढत आल्या, पापणी वर करून बॅटरी मारली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एव्हाना शुद्धीवर यायला हवं होतं, त्या म्हणाल्या. दोन दिवसांचा पाठ त्या गुंगीत कुठल्या कुठे गेला होता. ज्या नावाने तिला परत बोलावत होते ते तिचं नव्हतंच; ती कोणासाठी डोळे उघडणार? हे मला समजलं होतं, आणि तरी माझा आवाज फुटेना. बांधीत झालं होतं तसंच.

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं ते घेतलं, नंतर 'अवं' किंवा पोरांची माय. मी जन्मात बाबांच्या तोंडून ते नाव ऐकलेलं नव्हतं. ते भिंतीशी उभे होते, कागदावरचा भाऊ ज्या अंतरावर उभा राहील त्या अंतरावर. ते पुढे आले, डॉक्टरीणबाईंना हाताने बाजूला केलं आणि खाटेवर वाकले.

"सुमित्रा," ते म्हणाले. "सुमित्रा, ऊठ."

मायच्या पापण्या हलल्या. दुसऱ्यांदा हाक मारल्यावर तिने डोळे उघडले, बाबांना पाहिलं, आणि तशा अवस्थेतही तिचा हात डोक्यावरचा पदर शोधायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी पाहिली, नळ्या तपासल्या, आणि मग एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारलं की सुमित्रा कोण. बाबांनी सांगितलं की माझी बायको. जानाबाई कोण, तर मावशीने हात वर केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातला केसपेपर आमच्यापुढे धरला.

"आज ही टेबलावर गेली असती," त्या म्हणाल्या, "तर मी कोण मेली म्हणून लिहिलं असतं?"

मला वाटतं जानामावशीला तोवर हे कळलंच नव्हतं. मलाही नव्हतं. मायचं प्रेत जानाबाई म्हणून घरी आलं असतं, आणि आमची माय कागदावर जिवंत राहिली असती, कोणास ठाऊक किती वर्षं.

डॉक्टरीणबाई बाबांकडे वळल्या. पहिल्या दवाखान्यात नोंद चुकीची निघाली होती तर तिथेच खरं का नाही सांगितलं, त्यांनी विचारलं. एका अर्जात दुरुस्त झालं असतं. मी बाबांच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं. ते जानामावशीला वाचवत होते, असं सांगणार होते.

"त्या बाबूनं सांगतलं होतं," बाबा म्हणाले. "जिनं कार्ड लावलं तिले काई होनार नाई, अर्ज लिहून द्या म्हने, दोन दिवसांत काम होते. पन त्या अर्जात लिहा लागते का मी गरीब हाओ. मदत मांगतो. मले नाई लिहिता आलं."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मावशीसाठी नाही, पोलिसाच्या भीतीने नाही. तीन शब्दांसाठी. त्या तीन शब्दांसाठी त्यांनी तिला रक्त वाहत असताना माघारी आणलं होतं, दुसऱ्याच्या नावाने पोट फाडायला दिलं होतं, आणि मी त्यांना मोठं समजत होते. मला इतका राग आला की मी त्यांचं तोंडही पाहू नये असं वाटलं. माय खाटेवरून सगळं ऐकत होती.

नोंद दुरुस्त करायच्या अर्जासाठी डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा कोरा कागद आणि पेन पुढे केलं. बाबा चौथी शिकलेले होते, सही यायची, पण त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

"लिव, वनू," ते म्हणाले. "पहिले तिचं नाव लिव. मंग लिव का मी तिचा नवरा. मंग लिव, मी गरीब हाओ."

मी पहिली दोन वाक्यं लिहिली आणि थांबले. राग होता तरी माझाही हात पुढे जाईना. मी त्यांचीच पोरगी. बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पेन माझ्या बोटांतून काढून घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत ते वाक्य स्वतः लिहिलं.